चालत्या रिक्षातली कविता

तुम्ही ऐंशी-नव्वदच्या सुमारास उल्हासनगरच्या कॅम्प तीनला जीन्सची पँट घ्यायला आला असाल, तर आपलं बोलणं झालेलं आहे. म्हणजे मी बोलले आणि तुम्ही ऐकलंत. ऐकायचं नसलं तरी ऐकलंत, कारण रिक्षाच्या टपावर दोन भोंगे बांधलेले असायचे, एक पुढं तोंड करून, एक मागं. आत पायाशी बॅटरी, बाजूला आवाज मोठा करायचं मशीन, आणि रुमाल गुंडाळलेला माइक हातात धरून बसलेली एक बाई. ती बाई मी.

अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "मंदाताई, तुम्ही कवयित्री कशा झालात ते लिहा." कवयित्री म्हटलं की मला अजून मागं वळून बघावंसं वाटतं, दुसरी कोणी आलीय का म्हणून. पण त्यांनी चहा पाजला, वर आग्रह केला, तेव्हा लिहिते. शाळा मी चौथीपर्यंत शिकले. बाकीचं शिक्षण रस्त्यावर झालं, आणि तेही रिक्षा चालू असताना. त्यामुळे लिहिताना गचके बसले तर सांभाळून घ्या.

माझं माहेर बदलापूरजवळचं सोनिवली. आम्ही आगरी. माझी आई लग्नात धवले म्हणायची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्यात लग्नाच्या मांडवात एक बाई बसते आणि गाण्यातून सगळ्यांना लग्नाला बोलावते. आधी देवांना, मग घरातल्या गेलेल्या माणसांना. ह्या घरचा आजा ये, ह्या घरची आजी ये, असं नाव घेऊन. ते म्हटल्याशिवाय हळद लागत नाही. आईला मोठा मान होता. तिच्यामागं बसून बसून मला सगळं पाठ झालं, पण गळा काही आला नाही. आई म्हणायची, "आगो मंदे, तुजा गला म्हंजी फुटका मरका. पन तोंड बंद ठेवशील त शपथ!"

तोंड बंद ठेवलं नाही, हे एक बरं केलं.

लग्न होऊन मी विठ्ठलवाडीच्या चाळीत आले. आमचे हे अंबरनाथला कारखान्यात होते. मग कारखान्याला कुलूप लागलं आणि हे घरी बसले. चाळीतल्या बायका कॅम्प तीनला धागा कटिंगला जायच्या, त्यांच्याबरोबर मी पण निघाले. धागा कटिंग म्हणजे काय, तर मशीनवरून पँट शिवून आली की तिला जागोजागी दोऱ्यांची शेपटं लोंबत असतात. ती छोट्या कैचीनं कापायची. बस. दिवसभर तेच. मांडीवर ढीग, बोटांना निळा रंग, आणि मान खाली. त्या रंगाचं एक सांगते, तो साबणानं जात नाही. भाकरी थापली की भाकरीवर निळसर बोटं उठायची. हे म्हणायचे, "आज काय, जीन्सची भाकरी का?"

तिथं माझ्या शेजारी सरूमावशी बसायची. वयानं माझ्या आईएवढी. बोलायची कमी, पण तिची कैची बोलायची, कट कट कट कट, एका लयीत. त्या लयीवर मी काहीतरी जुळवत बसायचे. कोणी भांडलं तर त्याच्यावर, कोणाची सासू आली तर तिच्यावर. बायका हसायच्या. सरूमावशी हसायची नाही, नुसती म्हणायची, "हं, पुढं?" तिच्या ह्या "पुढं" मुळं मला पुढचं सुचायचं. गंमत म्हणजे ती थांबली की माझं पण थांबायचं.

एक दिवस मी शेठच्या पँटीवरच जुळवलं.

"घालून घालून बघा, धोबी कंटाळला,
पँट तशीच राहिली, नवरा जुना झाला!"

बायका खो खो हसल्या आणि एकदम गप्प झाल्या. मागं बघते तर दारात लछूशेठ उभे. लछूशेठ म्हणजे कारखान्याचे आणि पुढच्या दुकानाचे मालक. सिंधी माणूस, ढेरी मोठी, आवाज त्याहून मोठा.

"ये कौन बोला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सरूमावशीनं कैची दाखवली.

"बाई, ये तूने मेरी पँट की तारीफ की या बेइज्जती?"

"शेठ, पँटची तारीफ, नवऱ्याची बेइज्जती," मी म्हटलं. आता नोकरी गेलीच होती, मग घाबरायचं कशाला.

शेठ हसले. ढेरीपासून हसले. मग म्हणाले, "साईं, मेरा पुकारनेवाला गला लेके बैठा है. इतवार को सेल है. रिक्षा में बैठेगी?"

मी सरूमावशीकडे बघितलं. ती म्हणाली, "जा की. हितं आम्हाला ऐकवून काय फायदा? आम्ही काय पँटी घालणार हाय?"

घरी सांगितलं तर ह्यांचा चेहरा पडला. "भोंग्यावर? बाईमाणूस? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते ऐकू कसं येणार? भोंगा माझ्याकडे असेल," मी म्हटलं. ह्यांना हसू आलं, आणि आमच्या घरात हसू आलं की परवानगी मिळाली असं समजायचं असतं.

रिक्षा मारुतीभाऊंची. मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं, रिक्षा स्वच्छ. पहिल्या रविवारी माइक हातात घेतला आणि माझी वाचाच गेली. घराघरातून लोक बघतायत, पोरं मागं पळतायत, आणि माझ्या तोंडातून हवा पण निघेना. नुसता माझा श्वास दोन भोंग्यांतून सगळ्या बाजाराला ऐकू जात होता. एक म्हातारा म्हणाला, "दम्याचं औषध विकतायत वाटतं."

मारुतीभाऊ पाठ न वळवता म्हणाले, "ताई, पेट्रोल जळतंय."

तेव्हा जे सुटले ते सुटले. पहिल्यांदा स्वतःचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत आला तेव्हा दचकले. हा कोणाचा? इतका जाड? आई म्हणायची ते फुटकं मडकं बाजारात मात्र बरोबर वाजत होतं. गोड आवाज गर्दीत विरघळून जातो. खरखरीत आवाज गर्दीला घासत पुढं जातो.

आता धंद्यातलं थोडं सांगते. लोकांना वाटतं, काय, ओरडायचं असतं. ओरडायचं मुळीच नसतं. ओरडायला भोंगा आहे. आपण जपायचं ते एवढंच, की ऐकणारा माणूस आपल्याला थोडाच वेळ भेटतो. रिक्षा येतेय, समोरून जातेय, गेली. तेवढ्यात त्याला जे ऐकू येईल तेच आपलं. त्याच्याआधीचं त्याला माहीत नाही, नंतरचं पुढच्या घराचं. म्हणून प्रत्येक ओळ आपल्या पायावर उभी पाहिजे. मागच्या ओळीचा हात धरून चालणारी ओळ इथं कामाची नाही. आणि दुकानाचं नाव अशा जागी ठेवायचं जिथं आपल्याला दम लागत नाही, कारण दम लागला की नाव गिळलं जातं, आणि शेठ सगळं माफ करेल, नाव गिळलेलं माफ करणार नाही.

हे मी शिकले ते एका फजितीतून. माझी एक ओळ लोकांना फार आवडायची.

"धुवा, आपटा, पिळा, वाळत टाका,
उसवली जर शिवण, मला मारा हाका!
हेच ते दुकान, हीच ती पायरी,
चढा वर दादा, आत या बाई!"

बरोबर लछूशेठच्या दुकानासमोर आलं की "हेच ते दुकान" म्हणायचं, असं आमचं गणित. एकदा सणाच्या गर्दीत पुढं हातगाडी अडकली. मारुतीभाऊंनी ब्रेक मारला. पण माझी ओळ सुरू झाली होती, आणि ओळीला ब्रेक नसतो. "हेच ते दुकान" म्हटलं ते समोरच्या होतूशेठच्या दारात. लछूशेठचा पक्का वैरी! आणि हातगाडी काही हलेना. मी सवयीनं तेच तेच म्हणत राहिले, डोळे मिटून. हो, मी डोळे मिटून म्हणायचे. डोळे उघडले तर होतूशेठचं दुकान भरलेलं, बायका पायरीवर चढतायत, आणि होतूशेठ गल्ल्यावरून मला हात जोडून नमस्कार करतायत.

लछूशेठ रस्त्यात आले. "अम्मा! मेरा नमक खाके उसकी दाल पकाती है?"

"शेठ, गाडी अडकली..."

"गाडी अडकी तो मुंह भी अडकाना था ना!"

मारुतीभाऊ हळूच म्हणाले, "शेठ, बाईंच्या तोंडाला क्लच नाय." झालं, शेठना हसू फुटलं. पण दुसऱ्या दिवशी होतूशेठचा माणूस माझ्या घरी पेढे घेऊन आला, तुमची बाई आमच्याकडे पाठवा म्हणून. ह्यांनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, "बाई आमची आहे, पण तोंड लछूशेठचं आहे." तेव्हापासून ह्यांना माझ्या कामाची लाज वाटेनाशी झाली, उलट चाळीत "आमची मंदा पुकाऱ्याला जाते" असं आपणहून सांगायला लागले. पुढं त्यांना दुसरीकडे काम लागलं, तरी रविवारी हे मुद्दाम बाजारात यायचे आणि अनोळखी माणसासारखे कोपऱ्यावर उभं राहून ऐकायचे.

बरीच वर्षं असं चाललं. पँटी, साड्या, सर्कस, डोळ्यांची तपासणी, पापडाचं प्रदर्शन, सगळं पुकारलं. अंबरनाथला शिवमंदिराच्या यात्रेत हरवलेली माणसं पुकारली. त्यात एकदा एक बाई आली, म्हणे नवरा हरवलाय. मी म्हटलं, वर्णन सांगा. म्हणाली, "वर्णन काय सांगू, मला सोडून सगळीकडे बघत असतो." तेच पुकारलं. एकदम चार-पाच पुरुष हजर झाले.

पण मनात एक सल होता, तो आता सांगते. जत्रेत, बाजारात लोक म्हणायचे, "मंदाताई, तुम्ही तर कवी आहात." मला ते खरं वाटायला लागलं. अंबरनाथला एक कवींचं मंडळ होतं. शनिवारी संध्याकाळी जमायचे. कंपन्यांतले ऑफिसर, मास्तर, बँकेतले लोक. चांगली माणसं. मी धीर करून गेले. पदर नीट केला आणि माझ्या सगळ्यात गाजलेल्या ओळी म्हटल्या. लोक हसले, टाळ्या पण दिल्या. मग अध्यक्ष होते ते, कारखान्यातून निवृत्त झालेले साहेब, जवळ आले. अगदी आदरानं म्हणाले, "ताई, तुमच्या जिभेवर लय आहे, ती आमच्यापैकी कोणाच्या नाही. पण ह्यात पँट आहे, शेठ आहे, दुकान आहे. तुम्ही कुठं आहात? तुमची स्वतःची एक होईल तेव्हा नक्की या. मी वाट बघेन."

मला फार लागलं. राग आला असता तर बरं झालं असतं, पण ते खरं बोलले होते, त्यामुळे राग पण येईना. घरी येऊन बसले आणि स्वतःचं काहीतरी म्हणायला गेले. आणि काय सांगू, जे म्हणेन त्याच्या शेवटी दुकान यायचं! चंद्रावर म्हटलं तर चंद्र सेलमध्ये. आईवर म्हटलं तर आई स्टॉक संपेपर्यंत. हे पांघरुणातून म्हणाले, "मंदे, झोप, दुकान बंद झालं." हसले मी, पण डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं बोलून बोलून माझ्या तोंडात माझा असा आवाजच उरला नव्हता, विकायचा तेवढा होता. मला एकदा तरी, फक्त एकदा, असं काही बोलायचं होतं ज्याच्या शेवटी कोणी काही विकत घेणार नाही. ते काही जमेना. वर्षानुवर्षं जमेना.

त्यात कॅसेट आली. शेठ लोकांनी मला एका खोलीत बसवून सगळं एकदाच बोलून घेतलं. मग रिक्षात मी नाही, नुसती कॅसेट. मारुतीभाऊ म्हणायचे, "कॅसेट बरी, पण तिला पाणी विचारावं लागत नाय, करमत नाय." मला सगळ्यात विचित्र वाटायचं ते भाजी घेताना. मी मेथीच्या जुडीवरून घासाघीस करतेय, आणि मागून माझाच आवाज येतोय, चढा वर दादा, आत या बाई! भाजीवाली म्हणायची, "अगं, किती ठिकाणी बोलतेस? हितं तरी गप भाव दे."

कॅसेटनं माझं काम नेलं, पण सगळं नेता आलं नाही. सेल रोज तोच असतो, तो कॅसेटवर चालतो. आजची बातमी कॅसेटवर कशी असणार? पाणी येणार नाही, मूल हरवलंय, आणि कोणी गेलं असेल तर. आमच्याकडे तेव्हा तशी पद्धत होती, माणूस गेलं की रिक्षा फिरवून सांगायचं, अमुक वाजता निघणार आहे. हे काम तोवर दुसरे पुरुष करायचे. माझ्याकडे कोणी आलं नव्हतं. सेलच्या बाईला मयताला कोण बोलावेल?

पण सरूमावशीचा मुलगा आला. दारात उभा राहून म्हणाला, "आई गेली. मंदाताई, तुम्हीच पुकारा. ती तुमचीच रिक्षा ऐकायची."

मारुतीभाऊ रिक्षा घेऊन आले. मुलानं जसं सांगितलं तसं मी सुरू केलं. "श्रीमती सरस्वतीबाई यांचं आज सकाळी दुःखद निधन झालं. अंत्ययात्रा दुपारी..." पहिल्याच गल्लीत बायका पिशव्या घेऊन बाहेर आल्या. एक हसत हसत ओरडली, "काय मंदाताई, आज कोणाचा सेल?"

तेव्हा माझं मलाच ऐकू आलं. मी बोलत होते निधन, पण आवाज चढत होता तसाच, ठेक्यात, पँट विकल्यासारखा. मला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

मारुतीभाऊंनी रिक्षा बाजूला घेतली. पहिल्यांदा मागं वळून माझ्याकडे बघितलं. "ताई, तुम्ही सेल लावलात."

"मला दुसरं येत नाही हो, भाऊ."

तेवढ्यात ती पिशवीवाली बाई जवळ आली. "कोण गेलं?"

"सरस्वतीबाई."

"कोण सरस्वतीबाई?"

"अहो, ती कैचीवाली."

"अगं आई गं!" पिशवी तिच्या हातातून खाली गेली. "कैचीवाली मावशी? माझ्या पोराचं बटण लावलं होतं तिनं, भर रस्त्यात, गुडघ्यावर बसून."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सरस्वतीबाईंना ह्या बाजारात कोणी ओळखतच नव्हतं. कारखान्यांच्या गल्लीत ती कैचीवाली, चाळीत नळावरची आजी, दुकानांच्या ओळीत पायरीवरची म्हातारी. प्रत्येक गल्लीकडे तिचा एकेक तुकडा. नाव पुकारून एकही माणूस आला नसता. आणि मला आई आठवली. धवल्यात ती कोणाच्या आज्याला हाक मारायची तेव्हा नुसतं नाव घ्यायची नाही. आमच्या घरी लग्न असलं की ती मला शिकवायची, "मांडवाला नको सांगू. मांडवातल्या एका बाईला सांग. ती रडली का समजाचा, ज्याला बोलावला तो आयला."

मी मशीनचा आवाज कमी केला. रुमाल काढला. मारुतीभाऊंना म्हटलं, "चालत्या माणसाच्या बरोबरीनं न्या." आणि आधी त्या पिशवीवाल्या बाईकडे, मग प्रत्येक गल्लीत अशाच एकेकीकडे बघून, डोळे उघडे ठेवून, बोलले. गाण्यात नाही, ठेक्यात नाही, यमक नाही.

कारखान्यांच्या गल्लीत म्हटलं,
"तुमच्या पँटीचा दोरा जिथं संपतो, तिथं तिचा हात होता. तो हात आज थांबला."

चाळीसमोर म्हटलं,
"नळाला पाणी कमी आलं की आपली कळशी मागं घेणारी, ती आज पाण्याला आली नाही."

दुकानांच्या ओळीत म्हटलं,
"उन्हाची तुमच्या पायरीवर टेकायची, आणि उठताना पायरी पुसून जायची. पायरी आज कोणी पुसली नाही."

शाळेच्या बाजूला म्हटलं,
"पोरांनो, तुमचं तुटलेलं बटण तिला लांबून दिसायचं. तुमचं नाव तिला कधीच माहीत नव्हतं."

आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी एकच. "दुपारी ती निघते आहे. तिला सोडायला या."

शिवणाची मशीनं बंद व्हायला लागली. एकेक. कॅम्प तीनमधे दिवसाउजेडी मशीनचा आवाज बंद झालेला मी पहिल्यांदा ऐकला. लछूशेठनं स्वतः कॅसेटची रिक्षा थांबवली आणि पायात चप्पल घालून निघाले. दुपारी सरूमावशीच्या दारात एवढी माणसं, की मुलगा मला विचारतो, "ताई, हे सगळे कोण?" मी म्हटलं, "तुझ्या आईचे."

स्मशानातून परत येताना मारुतीभाऊ म्हणाले, "ताई, एक बोलू? प्रत्येक गल्लीनं आपापली एकेक ओळ ऐकली. सगळी फक्त मी ऐकली. हे बरोबर नाय झालं."

"म्हणजे?"

"म्हणजे हे सगळ्यांनी एकाजागी ऐकायला पाहिजे. रिक्षा उभी करून."

घरी गेल्यावर मी ह्यांना सगळ्या ओळी एकामागून एक म्हणून दाखवल्या. रिक्षात त्या एकेकट्या उभ्या होत्या. आता एकमेकींना लागून उभ्या राहिल्या आणि त्यांच्यात एक अख्खी बाई दिसायला लागली. शेवटी कोणी काही विकत घेणार नव्हतं. ह्यांनी उठून चहा टाकला. साखर घालायला विसरले.

पुढं पुष्कळ झालं. कल्याणला, डोंबिवलीला, ठाण्याला बोलावणी आली, शाली मिळाल्या, त्यातली एक मारुतीभाऊ रिक्षात गुडघ्यावर घ्यायचे. अंबरनाथच्या मंडळात पण गेले. ते साहेब होते, म्हातारे झाले होते. त्यांनी ऐकलं, आणि उठून त्यांची खुर्ची मला दिली. मी धागा कापणाऱ्यांवर केलं, कुलूप लागलेल्या कारखान्याच्या गेटवरच्या शिपायावर केलं, हरवलेल्या नवऱ्यांवर तर केलंच. पण मला आठवतं ते पहिल्यांदा उभी राहिले ते.

ते झालं सोनिवलीलाच, माझ्या माहेरी. तिथं तोवर नव्या बिल्डिंगी आल्या होत्या. नोकरीवाल्या बायकांनी हळदीकुंकू ठेवलं होतं आणि गावातल्या बायकांना पण बोलावलं होतं. मला म्हणाल्या, "जाहिरातीच्या गमती सांगा." मी गेले. एका बाजूला खुर्च्यांवर बिल्डिंगीतल्या बायका, एका बाजूला सतरंजीवर आमच्या गावातल्या, मधे रिकामी जागा. मी माइक घेतला, आणि दुसरा हात धरायला काहीतरी शोधू लागला. का, ते मला आधी कळेना. मग कळलं. जमीन हलत नव्हती. इतक्या वर्षांत मी उभ्या जमिनीवर कधी बोललेच नव्हते. आणि समोरच्या बायका पण कुठं जात नव्हत्या, तिथंच बसून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना पहिली ओळ माहीत असणार होती, आणि शेवटची पण.

गमती नाही सांगितल्या. सरूमावशी सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कैची, कळशी, पायरी, बटण. सगळ्या गल्ल्या एका जागी आल्या. "तिला सोडायला या" म्हटलं आणि थांबले. पुढं काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. रिक्षात अशा वेळी मारुतीभाऊ गिअर टाकायचे.

कोणी टाळी वाजवली नाही. खुर्चीवरची एक बाई डोळे पुसत होती आणि तिच्याकडे बघून सतरंजीवरची एक पुसत होती. माझी आई, आता पार वाकलेली, सगळ्यात पुढं बसली होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

तेवढ्यात मागच्या दारातून आमच्या गावातली एक म्हातारी धापा टाकत आत आली. सगळ्या गप्प बसलेल्या बघून तिनं विचारलं, "काय गो, काय झायला? मी आताच आयली. काय बोलली ती? मना नाय ऐकाला मिललं."

मी सवयीनं मनात म्हटलं, गेलं बाई, आता पुढच्या गल्लीत. रिक्षात ज्याचं ऐकायचं राहिलं त्याचं राहिलं, त्याला उपाय नसतो.

आई मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाली, "मंदे, ती ऱ्हायली ना मागं. पयल्यापासून बोल."

मी पहिल्यापासून म्हटलं.